वाफेच्या इंजिनाबरोबर एक दिवस : मेट्टुपालयम ते कुन्नूर

तमिळनाडूतील निलगिरी पर्वतीय रेल्वेने जाण्याचा बेत आखणारे बहुतेक प्रवासी तिकीट काढताना उटी डोळ्यांसमोर ठेवतात. ज्यांना हा दिवस वाफेच्या इंजिनासाठी काढायचा आहे, त्यांनी मात्र कुन्नूर डोळ्यांसमोर ठेवावे. मेट्टुपालयमपासून उदगमंडलमपर्यंत, म्हणजे उटीपर्यंत, हा मार्ग सुमारे ४६ किलोमीटरचा आहे. त्यांपैकी पायथ्यापासून कुन्नूरपर्यंतचे सुमारे २८ किलोमीटर गाडी वाफेच्या बळावर चढते, कुन्नूरला ते इंजिन सोडले जाते आणि उरलेला टप्पा सामान्यतः डिझेल इंजिन पार पाडते. कुन्नूर ते उटी या भागात दिवसातून अनेक गाड्या धावतात, त्यांची तिकिटे तुलनेने सहज मिळतात आणि तो भागही देखणा आहे; परंतु तेवढाच प्रवास करून आलेल्या माणसाला वाफेची गाडी भेटलेलीच नसते. पायथ्यापासून निघणारी नियमित गाडी दिवसातून एकच आहे. तिकीट काढण्याआधी एवढा भेद ध्यानात घेतला, तर दूरवरून येऊन पदरी पडणारी निराशा टळते.

दुसरी गोष्ट दिशेची. शक्य असेल तर हा प्रवास खालून वर करावा. मी स्वतः हा मार्ग पहिल्यांदा पाहिला तो उटीकडून खाली उतरताना. दऱ्या होत्या, पूल होते, बोगदे होते, पण इंजिन जवळजवळ मुके होते, कारण उतारावर त्याला गाडी ओढायची नसते, आवरायची असते. पुढच्या खेपेला सकाळी पायथ्यापासून चढलो तेव्हा, तेच इंजिन त्याच रुळांवर पूर्ण ताकदीनिशी राबताना ऐकले आणि या गाडीला माणसे इतक्या लांबून का येतात ते उमगले. म्हणून या लेखातील सगळी आखणी सकाळच्या चढाभोवती केलेली आहे.

चढ आधी समजून घ्यावा

कर्जतला थांबलेल्या गाडीला बँकर इंजिने, म्हणजे घाट चढताना मागून रेटणारी इंजिने, जोडली जाताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहेत. त्या भोर घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर अंतर कापताना गाडी १ मीटर वर जाते, आणि तेवढ्यासाठीही जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानची छोटी गाडी २०ला १ इतका चढ चढते. निलगिरीच्या मार्गावर कल्लार ते कुन्नूर या भागात चढ १२ला १च्या घरात आहे, म्हणजे भोर घाटाच्या सुमारे तिप्पट. इतक्या चढावर पोलादी चाकाची पोलादी रुळावरची पकड अपुरी पडते. चाक जागच्या जागी फिरू लागते आणि गाडी हलत नाही.

यावर स्विस अभियंता रोमन आब्त यांनी शोधलेला उपाय येथे वापरलेला आहे. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पोलादी पट्ट्यांची एक जोडी बसवलेली असते आणि इंजिनाखालची दातेरी चाके त्या दातांत अडकत, दात मागे ढकलत वर चढतात. दोन्ही पट्ट्यांचे दात एकमेकांसमोर येत नाहीत. एकीचा दात जिथे असतो तिथे दुसरीची खाच असते. त्यामुळे कोणत्याही क्षणी निदान एक दात पक्का धरलेला राहतो आणि ओढ धक्क्याधक्क्याने न येता सलग येते. अशी दातेरी व्यवस्था असलेली भारतातील ही एकमेव रेल्वे आहे. मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १८५३ साली धावली आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५४ साली, निलगिरीवर रेल्वे नेण्याची कल्पना मांडली गेली. परंतु डोंगर इतका अवघड होता की प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १८९१ साल उजाडले. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ साली आणि उटीपर्यंतचा १९०८ साली खुला झाला. २००५ साली युनेस्कोने दार्जिलिंगच्या रेल्वेच्या जोडीला या रेल्वेलाही जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

इंजिनाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण ही माहिती असेल तर फलाटावरचा अर्धा तासदेखील वाया जात नाही. या मार्गावरील ‘एक्स’ वर्गाची मूळ इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात बांधली गेली. १९१४ पासून ती टप्प्याटप्प्याने आली आणि शेवटची तुकडी १९५२ सालची आहे. अलीकडच्या काळात तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने त्याच घडणीची नवी इंजिने तयार केली. इंजिनाच्या बाजूला उभे राहून पाहिले, तर प्रत्येक बाजूला एकावर एक असे दोन सिलिंडर, म्हणजे वाफेच्या दाबाने आतला दट्ट्या मागेपुढे सरकवणारी नळकांडी, दिसतात. खालचे सिलिंडर नेहमीची चाके फिरवतात आणि वरचे सिलिंडर दातेरी चाके फिरवतात. खालच्या सिलिंडरमध्ये एकदा काम करून बाहेर पडलेली वाफ फुकट न दवडता वरच्या सिलिंडरमध्ये सोडली जाते आणि तिथे दुसऱ्यांदा काम करून मगच ती धुराड्यातून बाहेर पडते. सपाटीवर वरच्या सिलिंडरच्या, दातेरी चाके फिरवणाऱ्या दांड्या स्वस्थ असतात. कल्लारनंतर त्या हलू लागतात, आणि खालच्या दांड्यांपेक्षा त्या कितीतरी जलद फिरतात. ज्याला हे आधी ठाऊक आहे, त्याला चढ सुरू झाल्याचे डोळे मिटूनही कळते, कारण धुराड्यातून येणारे हुंकार एकाएकी बदलतात.

तिकीट आणि ऋतू

आरक्षण रेल्वेच्या नेहमीच्या संकेतस्थळावरूनच होते. गावांची नावे शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्थानकांची संक्षिप्त अक्षरे टाकावीत : मेट्टुपालयमसाठी एमटीपी, कुन्नूरसाठी ओएनआर आणि उदगमंडलमसाठी यूएएम. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवसांवर आलेली आहे. गाडीला तीन-चार लहानसे डबेच असल्यामुळे जागा मोजक्या असतात आणि सुट्ट्यांच्या दिवसांतील तिकिटे फार लवकर संपतात. म्हणून आधी या गाडीचे तिकीट हाती घ्यावे आणि मग बाकीचा प्रवास त्याच्याभोवती बसवावा. विमान, मुक्काम आणि रजा यांची सोय करून झाल्यावर शेवटी या गाडीचे तिकीट पाहणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि त्यांना बहुतेक वेळा कुन्नूर ते उटी या डिझेलच्या टप्प्यावर समाधान मानावे लागते.

उटीपर्यंतचे तिकीट शिल्लक नसेल, तर कुन्नूरपर्यंतचे पाहावे. संकेतस्थळावर काढलेले तिकीट आरक्षणाचा अंतिम तक्ता (चार्ट) तयार होईपर्यंत पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात. अशा तिकिटावर गाडीत चढता येत नाही, हे दूरच्या प्रवाशाने विसरू नये. ऐन वेळी खिडकीवर काही मिळेल, या भरवशावर मुलाबाळांना घेऊन पायथ्याशी येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऋतूच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीला धरून नाही. महाराष्ट्रात पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो आणि दिवाळीच्या सुट्टीत आपण निर्धास्तपणे डोंगराकडे निघतो. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. या दिवसांत कल्लार-कुन्नूर भागात दरडी कोसळतात, रुळांवर माती आणि झाडे येतात आणि गाडी एखादा दिवस किंवा कधीकधी कित्येक दिवस रद्द होते. दिवाळीतच जायचे असेल, तर जाण्याच्या आदल्या दिवशी गाडी सुरू असल्याची खात्री करून घ्यावी आणि ती रद्द झाली तर काय करायचे ते घरातच ठरवून ठेवावे. माझ्या मते जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत चांगला : हवा स्वच्छ, सकाळी गारवा, आणि थंड हवेत वाफेचे ढग दाट उठतात. एप्रिल-मे महिन्यांत हवा ठीक असली, तरी गर्दीचा विचार करावा.

आदला दिवस आणि सामान

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी कोइंबतूर गाठावे; लोकमान्य टिळक टर्मिनसहून पुणे आणि सोलापूरमार्गे कोइंबतूरला थेट गाडी आहे. तेथून मेट्टुपालयम सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. वर जाणारी गाडी गेली अनेक वर्षे सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सुटते, त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम मेट्टुपालयमलाच ठेवणे उत्तम. चेन्नईहून येणाऱ्यांना निलगिरी एक्स्प्रेस सोयीची पडते. ती पहाटे मेट्टुपालयमला पोहोचते आणि समोरच डोंगरावर जाणारी गाडी उभी असते.

मोठी बॅग सोबत घेऊ नये. मीटरगेजचे, म्हणजे एक मीटर अंतरावरच्या रुळांवर धावणारे, हे डबे अरुंद असतात, बाके समोरासमोर असतात आणि सामान ठेवायला जागा जवळपास नसतेच. मांडीवर मावेल एवढी एक पिशवी पुरे. बाकीचे सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवता आले तर पाहावे. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आहे आणि कुन्नूर १,७०० मीटरच्या वर, त्यामुळे साडेतीन तासांत हवा आठ-नऊ अंशांनी गार होते. सकाळी घामाने त्रासलेला प्रवासी दहा वाजता अंगावर शाल ओढतो. प्रत्येकाजवळ एक स्वेटर किंवा शाल हाताशी असावी, पिशवीच्या तळाशी नव्हे. कपडे गडद रंगाचे घालावेत. सध्याची बहुतेक इंजिने तेल जाळून वाफ तयार करतात, त्यामुळे कोळशाचे कण डोळ्यांत जाण्याचा त्रास पूर्वीइतका राहिलेला नाही, तरी काजळीचे बारीक ठिपके कपड्यांवर पडतातच.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, या डब्यांत शौचालय नसते. वयस्कर माणसे, लहान मुले आणि मधुमेहाचा त्रास असलेले प्रवासी यांच्यासाठी सगळ्या दिवसाचे सुख या एका गोष्टीवर अवलंबून असते. गाडीत बसण्यापूर्वी स्थानकावर जाऊन यावे, सकाळचा चहा अर्धाच घ्यावा आणि मधल्या मोठ्या थांब्यावर गरज नसली तरी सोय उरकून घ्यावी. न्याहारी सोबत बांधून घ्यावी. कोरडी, हात न बरबटणारी आणि वास न पसरणारी असेल तर बरे, कारण वाटेत माकडे आहेत. निलगिरी जिल्ह्यात एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवर कडक बंदी आहे, म्हणून पाण्यासाठी घरची स्टीलची बाटली न्यावी. कुटुंबातील काही जण स्वतःच्या गाडीने वर येऊन भेटणार असतील, तर मे २०२४ पासून खासगी वाहनांना निलगिरीत येण्यासाठी ई-पास काढावा लागतो, हे त्यांना वेळेवर सांगावे.

फलाटावर

गाडी सुटण्याच्या निदान पाऊण तास आधी स्थानकात पोहोचावे. पिशवी जागेवर ठेवून थेट इंजिनाकडे जावे. ते गाडीच्या मागच्या टोकाला, म्हणजे उताराच्या बाजूला जोडलेले असते, आणि चढावर सगळी गाडी ते मागून ढकलत नेते. पुढून ओढण्याची आपल्याला सवय असल्याने हे पाहून अनेकांना नवल वाटते, परंतु त्यामागचा विचार साधा आहे : डब्यांची जोडणी कुठे तुटलीच, तर सुटलेले डबे उताराने घसरून जाण्याऐवजी इंजिनाला टेकून राहावेत.

इंजिन मागे असल्यामुळे ड्रायव्हरला पुढची वाट दिसत नाही. म्हणून डब्यांच्या पुढच्या सज्जावर ब्रेक सांभाळणारे कर्मचारी उभे असतात. सर्वांत पुढचा माणूस मार्गावर नजर ठेवतो आणि हिरव्या-तांबड्या निशाणांचा इशारा मागच्या मागच्या माणसाकडून ड्रायव्हरपर्यंत पोहोचतो. उन्हापावसात साडेतीन तास उभे राहून हे काम करणारी माणसे पाहण्यासारखी आहेत. त्यांच्या सज्जावर गर्दी करू नये आणि छायाचित्रासाठी त्यांना कामातून वळवू नये.

कोणता डबा चांगला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जागा निवडण्याची संधी मिळाली, तर पुढच्या डब्यातून समोरचे जंगल, पूल आणि बोगद्याची तोंडे दिसतात, आणि मागच्या डब्यात इंजिनाचा आवाज अंगावर येतो. मी मागचा डबा घेईन. दृश्ये कुन्नूरच्या रस्त्यावरून बसने जातानाही दिसतात. हा आवाज मात्र दुसरीकडे कुठे मिळणार नाही. डावी खिडकी की उजवी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण संपूर्ण मार्गावर २०८ वळणे, २५० पूल आणि १६ बोगदे आहेत आणि दरी सारखी बाजू बदलत राहते. समोर बसलेल्यांशी सुरुवातीलाच बोलून खिडकी अदलाबदलीने वापरण्याचे ठरवले, तर सगळ्यांचा दिवस चांगला जातो.

चढण

मेट्टुपालयम सोडल्यावर गाडी भवानी नदीचा पूल ओलांडते आणि पोफळीच्या बागांमधून कल्लारकडे निघते. हा पहिला टप्पा जवळजवळ सपाट आहे. या अर्ध्या तासात इंजिनाचा सपाटीवरचा ठेका कानात साठवून ठेवावा, म्हणजे पुढचा फरक कळतो. कल्लारला दातेरी पट्टी सुरू होते. तिच्या तोंडाशी गाडी अगदी सावकाश होते, कारण इंजिनाखालची दातेरी चाके पट्टीच्या दातांत बरोबर बसावी लागतात; तळाशी एक खरखर ऐकू येते, डब्याला बारीकसा हिसका बसतो, आणि मग मागून नवा ठेका सुरू होतो. या क्षणी डब्यातल्या गप्पा थांबवाव्यात, एवढी माझी विनंती आहे. मुलांना आधी सांगून ठेवले असेल, तर तीही कान टवकारून बसतात आणि बहुधा तीच सर्वांत आधी फरक ओळखतात.

यापुढे कुन्नूरपर्यंत वेग ताशी सुमारे १३ किलोमीटरच्या वर जात नाही. इतक्या संथ गाडीतून पाहण्याची रीतही निराळी असते. दरीचे मोठे देखावे आपणहून समोर येतात, पण रुळालगतच्या कातळातून झिरपणारे पाणी, पुलाखालचे ओहोळ, झाडाच्या ढोलीजवळ बसलेला पक्षी, हे सगळे हाताच्या अंतरावरून जात असते. वळण आले की मागे पाहावे. इंजिन नजरेला पडते आणि वरच्या सिलिंडरच्या दांड्यांची धावपळ दिसते. मात्र त्यासाठी डोके, हात किंवा मोबाइल खिडकीबाहेर काढू नये. बोगद्यांच्या भिंती आणि कापलेले कडे डब्याला खेटून असतात, आणि संथ गाडीतही त्यांचा तडाखा जीवघेणा ठरू शकतो. बोगदा जवळ आला की काचा लावून घ्याव्यात, बाहेर पडल्यावर पुन्हा उघडाव्यात.

इंजिनाला वाटेत पाणी भरावे लागते, त्यासाठी हिलग्रोव्ह आणि रनीमेड येथे गाडी थांबते. चढावर पाणी किती झपाट्याने वाफ होऊन जाते, हे पाणी भरण्याच्या वेळेवरून ध्यानात येते. हिलग्रोव्हचा थांबा पाय मोकळे करण्यासाठी सर्वांत चांगला. खाली उतरून आधी गरजेची सोय उरकावी आणि मग इंजिनाजवळ, कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा येणार नाही इतक्या अंतरावर, उभे राहावे. पाणी भरताना फायरमन आणि ड्रायव्हर यंत्राच्या सांध्यांवर हात फिरवून उष्णता तपासताना, तेलाची झारी घेऊन वंगण घालताना दिसतात. रुळांच्या मधल्या पट्टीवर पाय ठेवू नये. तिला वंगण असते आणि घसरून पडण्याचा धोका असतो. इथली माकडे धीट आहेत. त्यांना खायला घालू नये, हातातले खाद्यपदार्थ त्यांना दाखवू नयेत आणि डब्यातून उतरताना पिशवीची चेन लावून, काच ओढून घ्यावी. शिट्टी वाजली की छायाचित्र अपुरे राहिले तरी चालेल, पण लगेच जागेवर यावे.

छायाचित्रांविषयी एक अनुभवाचा सल्ला देतो. सगळा चढ मोबाइलच्या पडद्यातून पाहणाऱ्याच्या हाती शेवटी हललेली चित्रे उरतात. थांब्यावर हवी तेवढी छायाचित्रे घ्यावीत. चालत्या गाडीत दोन-तीन मिनिटांचे नुसते ध्वनिमुद्रण करावे. घरी परतल्यावर चित्रांपेक्षा तो आवाज पुनःपुन्हा ऐकला जातो.

रनीमेडनंतर झाडी विरळ होत जाते, चहाचे मळे सुरू होतात, आणि साडेदहाच्या सुमारास गाडी कुन्नूरला पोहोचते. दातेरी पट्टी इथे संपते.

कुन्नूर आणि परतीचा रस्ता

उटीपर्यंतचे तिकीट असले, तरी कुन्नूरला खाली उतरून इंजिन बदलताना अवश्य पाहावे. उटीकडे निघताना गाडी आधी थोडी मागे येते आणि मग पुढचा रस्ता धरते. त्यामुळे नवख्या प्रवाशाला गाडी परत खाली निघाली की काय अशी शंका येते. पुढे वेलिंग्टन, अरवंकाडू, केट्टी आणि लव्हडेल ही स्थानके लागतात आणि केट्टीजवळची दरी फार मोकळी दिसते. दुपारी बाराच्या आसपास गाडी उटीला येते आणि उतरणीची गाडी दोनच्या सुमारास तेथून निघते. म्हणजे एका दिवसात जाऊन येऊन करणाऱ्याच्या वाट्याला उटीत दोन तास येतात. ते जेवणात आणि रांगेत संपतात.

म्हणून एका दिवसाच्या प्रवाशाने कुन्नूरलाच उतरावे, असे मी सुचवतो. उतरणीची गाडी कुन्नूरला सव्वातीनच्या सुमारास येते, त्यामुळे हाताशी साडेचार तास राहतात. वाफेच्या इंजिनांची शेड कुन्नूरलाच स्थानकाला लागून आहे. आत जाण्यासाठी परवानगी विचारावी, आणि ती मिळाली नाही तरी बाहेरून इंजिनांची ये-जा, पाणी भरणे, राख आणि काजळी साफ करणे हे सगळे पाहता येते. त्यानंतर १८७४ साली वसवलेल्या सिम्स पार्कमध्ये जावे. डोंगरउतारावरच्या त्या बागेत जुनी, उंच झाडे आहेत आणि दोन तास कसे जातात ते कळत नाही. जेवण गावात उरकून तीनच्या आधी स्थानकावर परत यावे.

परतीचे कुन्नूर ते मेट्टुपालयम आरक्षण वेगळे आणि तितक्याच लवकर करावे लागते. ते मिळाले नाही, तर घाटातून बस नियमित सुटतात आणि गाडीपेक्षा कितीतरी लवकर खाली पोहोचवतात. ते मिळाले, तर उतरण सकाळच्या चढाला जोडून पाहण्यासारखी आहे. आता इंजिन पुढे असते, पण जागा तीच, उताराच्या बाजूची. वाफ बंद केलेली असते. सिलिंडरमध्ये हवा ओढून ती दाबली जाते आणि त्या दाबलेल्या हवेच्या विरोधावर इंजिन स्वतःचा आणि डब्यांचा वेग रोखून धरते. त्याच्या जोडीला प्रत्येक डब्यावरचे ब्रेक असतात, आणि सकाळी निशाणे दाखवणारे हात आता सतत ब्रेकच्या चाकावर दिसतात. सकाळचे हुंकार नसतात. त्याऐवजी दातांचा एकसुरी, घासल्यासारखा आवाज आणि मधूनमधून सुस्कारे ऐकू येतात. उन्हे कलल्यामुळे सकाळी सावलीत राहिलेले कडे या वेळी उजळलेले असतात, तेव्हा सकाळी आपण ज्या बाजूला बसलो होतो तिच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्यावी.

जसजसे खाली यावे तसतशी हवा उबदार होत जाते आणि शाली पुन्हा पिशवीत जातात. कल्लारला दातेरी पट्टी सुटते, वरच्या दांड्या थांबतात आणि गाडी पुन्हा साध्या रुळांवर पोफळीच्या बागांतून धावू लागते. मेट्टुपालयमला पोहोचायला संध्याकाळचे साडेपाच-पावणेसहा होतात. पावसाळी दिवसांत उशीर धरून चालावे आणि कोइंबतूरहून पुढची गाडी किंवा विमान त्याच संध्याकाळचे ठेवू नये. उतरल्यावर लगेच बाहेर पडण्याची घाई नसेल, तर फलाटाच्या टोकाशी जाऊन इंजिन डब्यांपासून सोडले जाईपर्यंत थांबावे; या वेळी गर्दी पांगलेली असते आणि ड्रायव्हर, फायरमन यांना दोन शब्द बोलायला उसंत असते.